गोचिडाच्या दाराचं कुलूप

तायडे,

झारी शोधत बसू नकोस, मी नेलीये. जेवायलाही थांबू नकोस.

काल सिनेमात तो नकोसा मित्र हिरोच्या मानगुटीवर बसला तेव्हा अख्खं थिएटर हसत होतं. तूही मला कोपरानं ढोसत म्हणालीस, "हा तर आपला गोचीड!" मला मात्र हसू येईना.

आठवतं ना? तो लांबून दिसला की आपण पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचो, मागच्या दारानं आत येऊन चिडीचूप बसायचो. तो बापडा पायरीवर तासभर शीळ घालत बसायचा, आणि जाताना आपल्या कुंड्यांना पाणी घालून जायचा. वीस वर्षं! गेल्या महिन्यात आत बसल्या बसल्या मला शिंक आली आणि त्याची शीळ मध्येच थांबली. त्यानंतर तो फिरकलाच नाही. कुंड्या पार वाळून गेल्या.

आज सकाळी त्याच्या घरी गेलो, तर दाराला बाहेरून कुलूप आणि आत शीळ चालू. मी हाक मारली, तशी शीळ बंद!

आता पुन्हा जातोय. बसेन पायरीवर. शीळ काही मला येत नाही, पण कुंड्या त्याच्याही दारात आहेत.

दादा