गाडी धुवायची रीत

दि. ११ मार्च, मंगळवार

धाकटे,

खुशाल आहेस ना, असं विचारणार होते, पण तुझं अक्षरच सांगतंय की उजवा हात सुजलाय. मी बरी आहे. आईचे गुडघे सोडले तर घरात सगळं ठीक. तुझी चिठ्ठी शिंपीणबाईंनी शिवलेल्या कपड्यांत लपवून आणून दिली. हे उत्तरही त्या तुझ्या हातातच देतील. तिथेच बसून वाच, घरी नेऊ नकोस.

लोक म्हणतील, सवतीला कसली पत्रं लिहिता? म्हणोत बापडे. मी टाकलेला नवरा तुझ्या गळ्यात पडला, एवढंच आपलं नातं. तू विचारलंयस, 'ताई, यांची शर्यतीची गाडी कशी धुवायची? मी धुतली की इंजिन खोकतं, मग हे चिडतात.' चिडतात म्हणे! शिंपीणबाईंनी माप घेताना तुझ्या पाठीवरचे साखळीचे वळ पाहिलेत. चिडलेला माणूस तोंड फुगवतो गं बाई. साखळी उचलतो त्याला दुसरा शब्द आहे.

बरं, विचारलंस तर सांगते. त्या विद्येत मी पक्की आहे.

गाडी घरी आली की लगेच पाणी मारू नकोस. इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांब. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तडा जायची भीती असते. मी एकदा घाई केली, तर त्यानं माझा तळवा धरून सायलेन्सरवर दाबला. 'आता कळलं तापलेलं काय असतं ते?' कातडी जळल्याचा वास आला, आणि मी येडी, त्यालाच 'चुकलं' म्हणाले.

मग सायलेन्सरच्या तोंडात रबरी बूच घाल. पान्यानं सीट काढ, खालचा एअर फिल्टर काढून बाजूला ठेव आणि त्या भोकावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांध. तिथून पाणी आत गेलं तर इंजिनचं वाटोळंच. तुझं खोकतंय ते बहुतेक त्यामुळेच. चिखल मऊ ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं काढ. प्रेशरचा पाइप लांबूनच धर. चाकाच्या मधोमध किंवा साखळीवर रोखू नकोस, ग्रीस वाहून जातं. तो पाइप जवळून काय करतो ते मला विचार. एकदा त्यानं तो माझ्या कानाशी आणला होता. त्या कानानं मला अजून धड ऐकू येत नाही, म्हणून आई ओरडून बोलते आणि शेजाऱ्यांना वाटतं आमचं रोज भांडण होतं.

शेवटी पुसून कोरडी कर, पिशवी काढ, फिल्टर बसव, वर सीट बसव, बूच काढ, साखळीला तेल दे. आणि इंजिन चालू करून थोडा वेळ तसंच राहू दे. उरलंसुरलं पाणी त्या उष्णतेनं उडून जातं.

एवढं केलंस की खोकणार नाही. शेवटी शेवटी माझं कधीच खोकलं नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. एका रविवारी मी ती गाडी अशी धुतली की शोरूममध्ये उभी करावी. पहिल्या किकला चालू झाली. मला वाटलं, चला, आज सुटले. तो बाहेर आला, जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, 'एका किकमध्ये? हात बसलाय की तुझा! माझ्यामागं कुणाकडे जातेस गाडी घेऊन?' आणि पाना उचलला. दोन दात गेले. मी फरशीवर पडून विचार करत होते, दोन किका लागल्या असत्या तर बरं झालं असतं.

कळलं का, धाकटे? इंजिन खोकलं तरी मार, नाही खोकलं तरी मार. सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गाडीचा त्यात काही संबंधच नाही. 'चूक माझीच होती' असं तू चिठ्ठीत लिहिलंयस ना, ते वाचून मला तुझा असा राग आला की चिठ्ठी भिंतीवर फेकून मारली. मग उचलली आणि रडले.

त्याचा खांदा शर्यतीत मोडला असं तुला सांगितलं असेल. साफ खोटं. तो मी मोडला.

त्या गाडीला किल्ली नसते, नुसती किक असते. म्हणून तो चाकात साखळी घालून कुलूप ठोकतो आणि घरी असताना ते फक्त गाडी धुवायच्या वेळी काढतो. दात गेल्यानंतरच्या शर्यतीहून आला आणि नेहमीसारखा तासभराच्या आंघोळीला गेला. मी गाडी जीव लावून धुतली, इंजिन चालू ठेवलं. धुतल्यावर ते गुरगुरत असतंच, अख्ख्या गल्लीला सवय आहे, कुणी मान वर करत नाही. मी वर बसले. गियर टाकल्यावर मात्र आवाज बदलला आणि तो त्याला कळला. तसाच ओल्या अंगानं, कमरेला टॉवेल, अंगणातला पाना उचलून फाटकात आडवा आला. 'उतर, नाहीतर डोकं फोडीन.' मी थांबले नाही. पाना माझ्या बरगडीत बसला, हँडल त्याच्या छातीत. तो पडला आणि मागचं चाक खांद्यावरून गेलं. हाड मोडलेलं मला खालून, सीटमधून कळलं. वाईट वाटलं का? नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

गाडी मी पोलीस चौकीच्या दारात उभी केली, चोरीचा आळ नको म्हणून. हवालदार नंतर सांगत होते, दुसऱ्या दिवशी तो हात गळ्यात बांधून आला आणि आधी टाकीवर ओरखडा आलाय का ते बघितलं. बायको कुठं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं त्याचं.

तू लग्नाआधी वडिलांची मोटरसायकल चालवायचीस म्हणे. मग झालं. ही उंच आहे, पाय नीट टेकत नाहीत, पण एकदा चालायला लागली की पाय टेकायचं कामच नसतं. रविवारी शर्यत आहे. तो आंघोळीला जाईलच. मी गियर टाकल्यावर फाटक उघडत बसले, तू तसं करू नकोस, ते आधीच सताड उघडून ठेव. सीट बसवून झाली की पाना पाण्याच्या टाकीत टाकून दे. पूल ओलांडलास की टायरच्या दुकानामागे आमची खोली. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, त्या वळ बघून पोलिसांत द्यायला रीतसर लिहून देतात. गाडीचं आपण दोघी मिळून बघू.

त्या इंजिनचा आवाज ऐकला की मी आधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. रविवारी तो आवाज आमच्या गल्लीत आला तर मी दार उघडीन. आला नाही, तर अंधार पडायच्या आत मी तुझ्या फाटकात उभी असेन. मी येणार हे त्याला आधी सांगू नकोस. मला बघितल्यावर त्याचा खांदाच त्याला सांगेल.

तुझी वाट बघणारी,
पण फार वेळ न बघणारी,
थोरली