घ घोडेगावचा

लेण्याद्रीचा पायथा, ता. जुन्नर
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सुनील यास चिमाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझी आई जेवते, पण ताटाकडं बघून जेवत नाही, दाराकडं बघून जेवते. मोहिनी शिवणक्लासला जाते, येते, मान वर करत नाही. काळ्या शेळीला दोन करडं झाली. सगळ्या घरात तेवढीच दोघं काय ती उड्या मारतात.

तू फोन उचलत नाहीस. मी मोबाइलवर लिहिलेलं वाचतोस आणि गप बसतोस. निळ्या खुणा उमटलेल्या मला दिसतात, मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. म्हणून हा कागद. शेजारचा सयाजी बुधवारी पिकअप घेऊन चाकणला येणार आहे, त्याच्या हाती देतो. त्याला सांगून ठेवलंय, सुनीलच्या हातात ठेव, खोलीवरच्या पोरांकडं देऊ नको.

मला राग आलाय सुनील. लई राग आलाय, आणि तो गोडगोड शब्दांत गुंडाळून लिहायचं मला जमणार नाही.

भाऊबीजेला आला नाहीस. कंपनीत सुट्टी नव्हती म्हणून निरोप पाठवलास. सुट्टी होती, सयाजीनं तुला त्या दिवशी चाकणच्या चौकात वडा खाताना पाहिलं. मोहिनीनं दुपारपासून ताट करून ठेवलं होतं. दिवे लागले, तुझी आई म्हणाली, "ईल गं, यष्टी उशिरा आसंल." शेवटी पोरगी ताट घेऊन अंगणात गेली आणि तिनं चंद्राला ओवाळलं. ज्या पोरीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. तिला भाऊ आहे, चांगला पावणेसहा फूट. मी ओट्यावर बसलो होतो. मला उठून आत जाता आलं नाही आणि बसवलंही नाही.

तुझं भांडण माझ्याशी आहे ना? मग तिला का शिक्षा?

दसऱ्यानंतरच्या त्या रविवारचं तू मनात धरलंयस हे मला कळतं. तो दिवस मीही पुन्हा पुन्हा उगाळतोय. ओझरचं पावणं मोहिनीला बघायला आलं होतं. मुलगा, त्याची आई, आणि चुलता गेणभाऊ. सगळं सुरळीत चाललं होतं. गेणभाऊंनी पोह्यांचं कौतुक केलं, मोहिनीला शिवणातलं काहीबाही विचारलं, तिनं नीट सांगितलं. आणि तेवढ्यात दारात पोलीस. बिचारा शिपाई भला होता, चपला काढून आत आला. रविवारी तू घरी सापडशील म्हणून आला होता. त्यानं कागद काढला आणि म्हणाला, "सुनील कोण? तारखेला हजर राह्यला न्हाई म्हणून वॉरंट हाय. घाबरू नका, जामीनपात्र हाय, जामीनदाराची सही लागंल."

वॉरंट हा शब्द पडला आणि मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. गेणभाऊंनी मला विचारलं, "काय परकार म्हणायचा ह्यो, चिमाजीराव?"

आणि मी बोललो. काय बोललो ते तुझ्या कानात असेल. "गाडीचं चलान व्हतं, तीन माणसं बसवली व्हती. पोरगं बेफिकीर हाय, तारीख इसरला."

तू माझ्याकडं पाहिलंस. नुसतं पाहिलंस. सही सयाजीनं केली, शेजारून उठून येऊन. माझ्या हातात कपबशी होती. तू कागद घेतलास, घडी घातलीस, खिशात ठेवलास, आईला म्हणालास, "निघतो," आणि गाडीला किक मारलीस.

का बोलला नाहीस? तोंड नव्हतं तुला? चार माणसांत म्हणायचं होतंस, मामा, खोटं बोलू नका. माझी जी काय अब्रू जायची ती गेली असती एकदाची. तू गप बसलास आणि माझ्या गळ्यात धोंडा बांधून गेलास. मला याचाच जास्त राग आलाय. बाकी सगळ्याचा कमी.

हात दुखायला लागला. आज एवढंच.

मंगळवार, दि. ११

परवा इथवर लिहून पत्र घडी करून उशाखाली ठेवलं होतं. काल परत वाचलं. सगळं पत्र तुझ्यावर आहे. मी म्हटलं, चिमाजी, तू दुसऱ्यांचे कागद वाचतोस, जरा स्वतःचा वाच.

आता जे लिहितो ते बसून वाच.

तुला जुन्नरचा स्टँड आठवतो का? तू सहा वर्षांचा होतास. तुझे वडील गेल्यावर कुशी तुम्हां दोघांना घेऊन माहेरी आली, मोहिनी तेव्हा कडेवर होती. मी तुला बाजारच्या दिवशी सोबत न्यायचो आणि गाड्यांचे बोर्ड वाचायला लावायचो. मला शाळा चौथीपर्यंतच मिळाली, बाकी सगळं मी बोर्ड, पुड्यांचे कागद आणि शिळी वर्तमानपत्रं वाचून शिकलो, म्हणून तुलाही तसंच शिकवलं. तू एक बोर्ड मोठ्यांदा वाचलास, "धोडेगाव." आख्खा स्टँड हसला. कंडक्टर म्हणाला, "चला, धोडेगाववाले बसून घ्या." तू रडायला लागलास. मी गाडीच्या पत्र्यावरच्या धुळीत बोटानं घ काढला आणि ध काढला. म्हटलं, बघ, ह्याच्या डोक्यावर रेघ पुरी हाय, त्याच्या डोक्यावर मोकळी. त्यानंतर तू कधी चुकला नाहीस. गावात येईपर्यंत "घ घोडेगावचा, घ घोडेगावचा" म्हणत आलास.

आणि यंदा ऑगस्टमध्ये समन्स आलं. मे महिन्यात कुशीला मंचरच्या दवाखान्यातून आणताना, मागं मोहिनी, मधे आई, असं असताना कळंबला पोलिसांनी गाडी अडवली होती, विम्याची मुदतही संपली होती, त्याचं. ओट्यावर सात-आठ माणसं होती. कोणी सातबारा घेऊन आलं होतं, कोणी बँकेची नोटीस. चाळीस वर्षं माणसं माझ्याकडं कागद घेऊन येतात आणि मी ऐटीत चष्मा पुसतो. तू समन्स माझ्या हातात दिलंस. मी वाचलं. म्हटलं, गुरुवारी एकवीस तारखेला जुन्नरच्या कोर्टात जायचं, मी येतो बरोबर.

तू वाकून पाहिलंस आणि हळूच म्हणालास, "मामा, हितं घोडेगाव लिवलंय ना?"

बरोबर वाचलं होतंस. स्वच्छ छापलेलं होतं. मलाही दिसलं होतं. पण आपला तालुका जुन्नर. आपल्या सात पिढ्या कोर्ट म्हणजे जुन्नर. बांधाचं भांडण असो, वारसाची नोंद असो, जुन्नर. कळंब आंबेगाव तालुक्यात येतं, त्याचं कोर्ट घोडेगावला, आणि चलान जिथं फाटलं तिथलं कोर्ट लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही एवढं म्हणायचं होतं, झालं. पण मी सगळ्यांदेखत काय बोललो? "चलान फाडलं त्या हद्दीचं नाव हाय त्ये. कोर्ट आपलं जुन्नरच. तुला वाचायला शिकवलं कुणी रं?" माणसं हसली. तूही हसलास, कसंनुसं.

इथपर्यंत तुला माहीत आहे. तू घोडेगावचं वॉरंट हातात घेतलंस तेव्हाच तुझ्या ध्यानात आलं असेल की मामानं कागद चुकीचा वाचला. चूक कोणाचीही होते, म्हणून तू सोडूनही दिलं असशील. तुझा स्वभाव आहे तो.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्या एकवीस तारखेला जुन्नरच्या कोर्टात आपण दहाला पोचलो. तू कंपनीत खाडा करून आला होतास, इस्त्रीचा शर्ट घालून. भिंतीवरच्या बोर्डात तुझं नाव सापडेना. तू झेरॉक्स काढायला बाहेर गेलास आणि मी आतल्या कारकुनाला कागद दाखवला. बाई होत्या, तरण्याच. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आबा, हे घोडेगावचं आहे. अजून साडेअकराच होतायत. आत्ता निघालात तर जेवणाच्या सुट्टीआधी पोचाल, तिथं साहेबांना सांगा, चुकून इकडं आलो. ऐकतात."

गाडी दारात उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. तासाभराचा रस्ता.

मी बाहेर आलो. तू झेरॉक्सच्या दुकानाशी उभा होतास. मला पाहून म्हणालास, "काय म्हंत्यात मामा?" तुला फक्त एवढं सांगायचं होतं की तू बरोबर वाचलं होतंस. जिभेवर आलं होतं ते. आणि मला ओट्यावरची ती आठ माणसं दिसली, ती विचारतील, काय आबा, घोडेगावच निघालं का? मी म्हणालो, "सायेब आलं न्हाईत आज. फुडची तारीख टपालानं ईल. चल, मिसळ खाऊ."

मिसळ खाल्ली आपण. तू तर्री जास्त मागून घेतलीस. माझी तेवढी प्लेट संपता संपेना.

तर सुनील, तारीख तू विसरला नाहीस. तारीख चुकलीही नाही. मी चुकवली. एका अक्षरापायी, जे मीच तुला धुळीत काढून दाखवलं होतं. आणि वर पाहुण्यांत तुलाच बेफिकीर म्हणालो. परवा मी लिहिलं की मला तुझा राग आलाय. खोटं होतं ते. बहात्तर वर्षांत मी इतका कोणावर चिडलो नव्हतो, जेवढा स्वतःवर चिडलोय, आणि स्वतःवर चिडलेला माणूस समोर जो दिसेल त्याला चावतो. करडांनासुद्धा ओरडलो मी.

काल कुशीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, म्या पोराला फोनवर काय न्हाई ते बोलली. तुझ्या बोलण्यावर बोलली." आणि सूप तिथंच ठेवून गोठ्यात गेली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. मलाही तिच्याकडून बोलणं नकोय सध्या.

दुपारची यष्टी धरून ओझरला गेलो. गणपतीच्या पायाशी नाही गेलो, आधी गेणभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात पंप उघडून बसले होते, हात ग्रीसनं काळे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसत ऐकलं आणि म्हणाले, "बसा. चा घ्या. चुकीच्या कोर्टात मीबी गेलोय, पावणं, त्याचं काय न्हाई. पण तुमी पोराला फुडं केलं."

मी म्हटलं, "व्हय."

"आन पोरगं तुमच्यासाठी गप ऱ्हायलं. त्ये बगितलं मी तवाच. आमी वॉरंटाला न्हाई भ्यालो. मामा-भाच्यात कायतरी सडलंय, आसं वाटलं. आसल्या घरात सोयरीक करायची म्हंजी इचार करावा लागतो."

"आता?"

"आता पोरगं घरला आणा. भाऊ घरात आसंल त्या दिवशी सांगावा धाडा, आमी येतो. तो नसंल तर पोहं बी नकोत."

ऐकलंस ना? माझ्या माफीनं मोहिनीचं काम होत नाही. तुझ्या येण्यानं होतं. पण तेवढ्यासाठी येऊ नको. तिच्यासाठी ये, माझ्यासाठी नको, असंही मी म्हणणार नाही. मला तू हवा आहेस रे. तुझ्याशिवाय ओट्यावर बसून कागद वाचायला मला लाज वाटते. काल एक जण पीक विम्याचा कागद घेऊन आला, मी त्याला म्हटलं, शाळेतल्या बाईंकडं जा.

वॉरंटाच्या कागदावर पुढची तारीख आहे, गुरुवार, २० नोव्हेंबर. कागद तुझ्या खिशात आहे, माझ्यावर विसंबू नको, तूच वाच. मी सकाळच्या पहिल्या यष्टीनं घोडेगावला जाऊन कोर्टाच्या दारात बसतो. साहेबांसमोर उभं राहायला मिळालं तर जे इथं लिहिलंय तेच सांगेन. नाही मिळालं तर दारातच बसून राहीन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नको, नुसता माझ्यासमोरून आत जा. तू बरोबर जागी आलास एवढं मला बघू दे.

स्टँडवर यष्टीत चढताना बोर्ड मोठ्यांदा वाचणार आहे. कोणी हसलं तर हसू दे.

शिकवायला निघालेला आणि शिकायचा राहिलेला,
तुझा मामा
चिमाजी

ता. क. पाकिटावर घोडेगाव पुन्हा एकदा लिहिलंय. घ तपासून बघ, रेघ पुरी आहे का.