आप्पांचा प्रश्न

शिरूर, मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजात माझं भाषण झालं. विषय होता, विचारवंत उरलेत का? मी म्हणालो, संपले. टाळ्या पडल्या. मग कवठ्याहून मुद्दाम आलेले माझे चुलते आप्पा उठले. "हे तू सवता इचार करून ठरवलंस, का कुठं वाचलंस?"

वाचलंच होतं. मी माईकवरूनच विचारलं, "आप्पा, तुमची शाळा कितवीपर्यंत?"

"चौथी," ते सरळ म्हणाले. सगळा हॉल हसला. मीच हसवला ना. चौथी.

नंतर ते दाराशी थांबले होते. "राग न्हाई ना आला? मला खरंच कळलं न्हवतं, म्हणून इचारलं."

"पुढच्या वेळी येऊ नका," मी म्हणालो.

"व्हय," म्हणून ते स्टँडकडं चालत निघाले. माझी गाडी त्यांच्या शेजारून गेली. मी काच खाली केली नाही.