तीन दांड्यांचं कुलूप

आई, मी या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. कांदाचाळीचे सांगाडे एकेचाळीस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नऊ, त्यातली एकही अजून मागनं फाकलेली नाही. बिबट्याचे पिंजरे दोन. दार स्वतःच्या वजनानं पडतं, स्प्रिंग लागत नाही. एका शाळेचं फाटक. आणि दाराला आतनं बसवायची तीन दांड्यांची कुलपं, सहा. फिरवलं की तिन्ही दांड्या चौकटीत शिरतात. आयटीआयचं तोंड मी पाहिलं नाही, आळेफाट्याच्या गॅरेजात उभा राहून वेल्डिंग शिकलो, हे तुला ठाऊक आहे. कुलपं तू गेल्यानंतरची. ती कुणीच शिकवली नाहीत.

माझं पहिलं काम मात्र तुझ्यासमोरचं. आप्पांचा हात तुझ्यावर उठायचा, मग ते तुला बाहेर काढून, आतनं कडी घालून भर दुपारी निजायचे. तू ओट्यावर सूप घेऊन शेंगा फोडत बसायचीस, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की बाई कामात आहे. "झाल्या का शेंगा?" असं विचारून लोक पुढं जात, आणि त्यांना सगळं ठाऊक असे. सोळाव्या वर्षी मी एकदा छिन्नी घालून ती कडी उचकटली. तू आत गेली नाहीस. म्हणालीस, "आपल्याच घराचं दार मोडतंय व्हय कुनी? बशीव पयल्यासारखं." आप्पा आत घोरत होते. मी चारही स्क्रू पुन्हा पिळले. दार नुसतं लोटलेलं राहिलं, तरी तू ते उठेपर्यंत बाहेरच बसलीस. लोखंड न मोडता उघडायचं, ही खोड मला तिथून लागली.

तू गेल्यावर दहाएक वर्षांनी पिंपळवंडीत एका बागायतदाराच्या नव्या घराला मी माझं कुलूप बसवलं आणि चारचौघांत बोललो, "दार तुटंल, कुलूप न्हाई." वर्षाच्या आत त्या घरानं थोरली सून मारहाण करून बाहेर काढली. ती जुन्नरच्या कोर्टात गेली. घरातल्या मारहाणीविरुद्धच्या नव्या कायद्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. त्यासाठी सरकारनं संरक्षण अधिकारी म्हणून एक बाई नेमल्या होत्या. सुनेला घरात घेण्याचा हुकूम झाला, आणि आदल्या दिवशी बाईंचा मला फोन आला. "उद्या त्या घराची किल्ली हरवलेली असणार, असा माझा अंदाज आहे. तुम्ही याल?"

किल्ली हरवलेलीच आहे. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारा सासरा, अंगणात निम्मी वाडी. बाई तुझ्यासारख्याच बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी, सोबत एक महिला पोलीस. आपल्या कपड्यांची पिशवी हातात धरून सून जरा मागं उभी. बाई हुकूम मोठ्यानं वाचतात. सासरा म्हणतो, "मॅडम, घर माझ्या नावावं हाय. उतारा बघा."

"घर तुमचंच राहील, बाबा. नाव कुणाचंही असो, इथं राहायचा हक्क यांचा आहे."

"मंग आमी येतो तुमच्या हापिसात ऱ्हायला."

"या की. पंखा बंद आहे, तेवढं चालवून घ्या."

बाया पदराआड हसल्या. मी तो कागद मागून घेतला. दोन पानं, दुसऱ्यावर गोल शिक्का, शाई एका बाजूला पसरलेली. मारू नये. घराबाहेर काढू नये. राहू द्यावं. आई, मी किती वेळ ते वाचत होतो मला माहीत नाही. तुझ्या ओट्यावरच्या दुपारी कुणीतरी लांब कुठं बसून ओळीनं लिहून काढल्या होत्या, आणि त्या माणसानं आपलं गाव पाहिलेलंसुद्धा नव्हतं. एवढ्या माणसांसमोर एवढा पातळ कागद, आणि त्याच्या आडवं जायची कुणाची छाती झाली नाही. मी आयुष्यभर जाडी मिलिमीटरमध्ये मोजली. त्या दिवशी माझं माप चुकलं.

चार मिनिटांत कुलूप उघडलं, एकही ओरखडा न पडता. सून आत गेली, थांबली, मला म्हणाली, "भाऊ, आतनं पन लागतं का वो?" मी आतली मूठ तीनदा फिरवून दाखवलं. तिनं स्वतः लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आम्ही सगळे बाहेर, ती आत. नव्या किल्ल्या मी दोन केल्या. पहिली तिच्या हातात दिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, पान्यांच्या खणातच राहील, म्हणून एक लिहून टाकतो. त्या सकाळी तिचा दीर वर्कशॉपवर आला होता. "उघडत न्हाई म्हना, बास. तोडायचं कागदात न्हाई, मॅडम माघारी जात्याल." मी नाही म्हणालो, आई. पण लगेच नाही. त्याला चहा सांगितला, दोघांचा चहा संपेपर्यंत गप्प बसलो, आणि मग नाही म्हणालो. पंधरा हजार देत होता.