कावळा कशावर शिवला

सोमवार, दिवेलागण, पाटोदा

आज अण्णांचा दहावा झाला. कावळा शिवला, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

वारसाहक्काच्या रहस्यकादंबऱ्या लिहितो मी. लपवलेला वारस कुठल्या प्रकरणात बाहेर काढायचा ते मला बरोबर कळतं. आणि स्वतःच्या बापाचं?

पिंड मांडला तरी कावळा झाडावरून हलेना. मी म्हणालो, आईला सांभाळीन. शेत विकणार नाही म्हणालो. तरी नाहीच. शेवटी काका हात जोडून हळूच बोलले, "अण्णा, तुमच्या शिरूरच्या लेकीलाबी वाटा देऊ." कावळा लगेच उतरला. म्हणजे मला बहीण आहे? सगळे खाली मान घालून उभे. कुणाला विचारू?

बायका घाटावर येत नाहीत, म्हणून आई घरीच होती. गेल्या गेल्या तिनं विचारलं, "कशावर शिवला?" काय सांगणार होतो? हे ऐकून ती जगली असती का? म्हणालो, "तुझं नाव घेतल्यावर."

ती मग म्हणाली, "मंग शिरूरच्या पोरीचं कुणीच न्हाई बोललं व्हय?"