अम्मीचं कोहळं आणि माझ्याविरुद्धचा कट

अमरावती,
९ सप्टेंबर, सकाळचे सव्वादहा
(म्हणजे माझी लिहायची वेळ)

राजमान्य नत्थुजी यांस,

गयासुद्दीन मास्तरचा सलाम आणि रामराम, दोन्ही. इकडे सर्व खुशाल. माझा गुडघा, आमच्या बेगम कुलसुमबीचं बीपी आणि मागच्या खोलीतला पंखा आपापल्या जागी कुरकुरत आहेत. तुझी पाठ कशी आहे? वच्छलावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? त्यांना म्हणावं, महिनाभर मोबाइलकडे पाहू नका, आणि तू रोज पाठवतोस त्या अकरा गुलाबांच्या ‘शुभ सकाळ’कडे तर अजिबात पाहू नका. (इथून पुढे मी तुला नुसतं नत्थू म्हणणार आहे. ‘जी’ लावून माणसावर संशय घेता येत नाही, आणि या पत्रात मला तो मन लावून घ्यायचा आहे.)

तर नत्थू, तुला ठाऊकच आहे की तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासल्यावर एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट मागितली. सहा पानं राखून ठेवली आहेत. पंधरा तारखेपर्यंत पोचली तर छापणार, नाही पोचली तर त्या पानांवर फराळाच्या पाककृती घेणार, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मी ही बातमी मशिदीत, सलूनमध्ये, पेन्शनच्या रांगेत आणि दोन अनोळखी लग्नांत सांगून बसलो आहे. गोष्ट छापून आली नाही तर मला घर बदलावं लागेल. आज नऊ तारीख आहे आणि माझ्या वहीत सगळी मिळून एक ओळ आहे. ही ओळ एकटी का, याचा मी तपास केला. सगळे पुरावे तुझ्या हिवरखेडकडे बोट दाखवतात.

एक तारखेला मी तुला फोनवर सांगितलं की माझी गोष्ट १९९४ सालच्या कोहळ्याची आहे. तू लांब श्वास घेतलास (मी ऐकला) आणि म्हणालास, “बरं हाय. लिही.” कापूस, सोयाबीन, जावई, कशावरही तू दोन शब्दांत कधी बोललेला नाहीस. माझं कान टवकारणं तिथून सुरू झालं. अकोल्याच्या प्रदर्शनात पहिल्या नंबराला आलेलं ते तेवीस किलोचं कोहळं तुझ्या शेतातलं नव्हतं, आमच्या न्हाणीच्या टिनाच्या छपरावर अम्मीने वाढवलेलं होतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा मीही हिवरखेडलाच, भिंतीला भिंत लागून आपली घरं. मी संध्याकाळी शाळेतून आलो तर टिन रिकामं, आणि दोन दिवसांनी तुझ्या घरात बक्षिसाची ढाल. आज तुझ्या अमोलच्या रोपवाटिकेच्या पाटीवर ‘बक्षीसपात्र कोहळ्याची खानदानी परंपरा’ असं लिहिलेलं आहे. अशा माणसाला माझी गोष्ट छापून आलेली परवडेल का, तूच सांग.

आता घटनाक्रम पाहा. दोन तारखेला मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं, आणि शेजारचा संघपाल दारात उभा. तो भातकुलीला एका दुकानात कामाला आहे, सज्जन माणूस. गल्लीतल्या खांबावरच्या दिव्यासाठी अर्ज हवा होता. “मास्तर, रिकामेच आहात नं?” (घरात बसून लिहिणारा माणूस आपल्याकडे रिकामा धरतात. हाच मी गोठ्यात शेण काढत असतो तर दुरूनच परत गेला असता.) आता दारात आलेल्या माणसाला ‘मी कामात आहे’ म्हणण्याची आपल्या वऱ्हाडात सोय नाही. ‘या, बसा’ म्हणावं लागतं, मग चहा, मग त्याच्या चुलत्याचा तो जुना विषय. तो लवकर जावा म्हणून मी अर्ज जरा जीव ओतून लिहिला. अंधारात घसरणाऱ्या म्हाताऱ्या, परीक्षेची पोरं, एक गाभण गाय, सगळं घातलं. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. माझी हीच मोठी चूक झाली. पाच तारखेला माझ्या ओट्यावर सात जण बसले होते, दोन तर परतवाड्याहून आलेले. चौकशीअंती कळलं की संघपालची बहीण हिवरखेडला दिली आहे, तुझ्या घरापासून चौथं घर. समजलास?

समोरच्या माणिकबाईंचं वेगळंच. त्यांची सून रोज मोबाइलवर काही ना काही मागवते आणि पत्ता आमचा देते, कारण ‘मास्तर घरीच असते.’ बुधवारी मी नायिकेच्या डोळ्यांत पाणी आणायच्या बेतात होतो (नायिका म्हणजे अम्मी), तेवढ्यात कुरिअरवाल्याने मला पायपुसणी, कणीक मळायचं यंत्र आणि एक कुलूप दिलं आणि बोटाने सही करायला लावली. परत बसलो तर नायिका निघून गेली होती. माणिकबाईंना मी आडून विचारलं, हिवरखेडला कोणी ओळखीचं आहे का. त्या म्हणाल्या नाही. पण फार पटकन म्हणाल्या.

मग शनिवारी खुद्द अमोल. सकाळी नऊला पोतंभर नवा मूग घेऊन आला आणि दीडपर्यंत उठला नाही. एवढा मूग दोन म्हाताऱ्यांना कशासाठी? मी चष्मा पुसत होतो तेव्हा त्याने वहीत डोकावलं आणि विचारलं, “काका, कोहळं कुठवर आलं?” म्हणजे घरात चर्चा आहे! आणि रोज दहाच्या ठोक्याला तुझा फोन. “काय करून राहिला बे?” लिहितोय म्हटलं की “बरं बरं, लिही लिही,” आणि पुढे चाळीस मिनिटं सोयाबीनवरचा पिवळा रोग. सहज म्हणून कोणी माणूस दहा म्हणजे दहालाच फोन करतो का?

काल रविवार. कुलसुमबी लेकीकडे, नगमाकडे, अकोल्याला गेलेली. माणिकबाई सुनेसह माहेरच्या बारशाला, संघपाल झोपलेला. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. दाराला आतून कडी. कोणी आलं नाही, काही वाजलं नाही, पंखासुद्धा गुमान फिरत होता. पाच तास मी वहीसमोर बसलो आणि ती एकच ओळ परत परत वाचली: ‘त्या दिवशी अम्मीच्या टिनावरून कोहळं उतरलं.’ कोणी उतरवलं, ते लिहिता येईना. तीन वाजता मी स्वतःहून उठलो, संघपालला झोपेतून उठवलं आणि विचारलं, काही अर्जबिर्ज आहे का. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

असो. वहिनींना सलाम. मूग उत्तम आहे, संशयाचा भाग सोडून. अमोलला आशीर्वाद.

तुझा,
गयास मास्तर

ता. क. – सगळं लिहून झाल्यावर खरं ते लिहितो, कारण फोनवर ते माझ्या तोंडातून निघायचं नाही. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. ते कोहळं तू उचललंस, की अम्मीने तुला दिलं? तीस वर्षं मी हे विचारलं नाही, कारण उचललंस म्हणालास तर माझा एकुलता एक मित्र चोर ठरतो, आणि दिलं म्हणालास तर अम्मीने पोटच्या पोराला सोडून तुला का दिलं, हे मला सोसायचं नाही. ती जाऊनही पंधरा वर्षं झाली, आता तिला विचारता येत नाही. उलट टपाली कळव. फोन करू नकोस.

दुसरा ता. क. – हे पत्र पाकिटात घालायच्या आधी अकोल्याहून परतलेल्या कुलसुमबीने वाचलं. (घरात आम्ही उर्दू बोलतो, पण मला गप्प करायचं असलं की ती वऱ्हाडीवर येते.) म्हणाली, “अम्मीनं तुमाले तीन दिवस सांगतलं, बेटा, कोहळं अकोल्याले ने. तुमी म्हणले, मी लिहून राहिलो, मंग पाहू.” चौथ्या दिवशी तू भिंतीवरून डोकावलास, तर तिने ते तुला न्यायला सांगितलं. तुझ्या नावावर नोंदवलं, कारण तिथे सातबारा मागत होते आणि अम्मीकडे नुसतं न्हाणीचं टिन होतं. बक्षिसातला स्टीलचा मोठा गंज तू त्याच संध्याकाळी तिला आणून दिलास, आणि आम्ही तीस वर्षं त्याच पातेल्यात दूध तापवतो. गयासले सांगू नका, त्याले वाईट वाटंन, असं तिने तुला आणि कुलसुमबीला बजावलं होतं म्हणे. मी कुलसुमबीला म्हटलं, मग मला कोणी सांगितलं का नाही? म्हणाली, “तुमी इचारलं कवा?”

नत्थू, वरची पाच पानं खोडायची होती, पण पंधरा तारीख जवळ आली आहे आणि तेवढा वेळ नाही. तू ये. दहालाच ये, दार उघडं ठेवतो. गोष्टीत आता सगळं बसतं आहे, एकाच जागी अडलो आहे. अम्मी तीन दिवस दारात येऊन उभी राहायची, तेव्हा मी एवढं काय लिहीत होतो, ते मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असलं तर सांग.