देतो गाढव

ती. काकांना साष्टांग नमस्कार,

तुमचा गुडघा (डावा, उजव्याची तक्रार मागच्या पत्रात होती) आता कुरकुरत नसेल. इकडे चष्म्याचं दुकान ठीक आहे, मी नाही.

मास्तरांच्या लेकीचं तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या वडिलांनी जन्मभर शाळेत वृत्तं शिकवली. काल मागणी घालायला गेलो तेव्हा, त्यांना बरं वाटावं म्हणून, तिच्यासाठी दोन ओळी नेल्या होत्या:

देतो गाढ वचन मी तुजला,
राहिन आजीवन साथीला.

मास्तरांनी चष्मा लावला (मीच करून दिलेला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ) आणि बोटांवर मात्रा मोजल्या. वर सोळा, खाली सोळा. 'राहीन'ची दीर्घ ई आखडून घेतली होती, तेही त्यांनी चालवून घेतलं. माझी छाती फुगली. मग म्हणाले, आठव्या मात्रेवर यति, म्हणजे ओळीत श्वास घ्यायला थांबायची जागा. आता थांबून वाचू. आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "देतो गाढव". थांबले. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश "चन मी तुजला". पुढची ओळ, "राहिन आजी". पुन्हा थांबले. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या आई म्हणाल्या, "राहा की बाबा, नाही कोण म्हणतंय?"

मास्तर हसले नाहीत. "जो पहिल्याच ओळीत शब्द मोडतो, त्याला मुलगी कशी देऊ?" म्हणाले. लेक पाणी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "शब्द त्यांनी नाही मोडला, बाबा. तुम्ही मध्येच थांबलात." (काका, ही मुलगी हातची गेली तर मी जगाला चष्मे लावून काय करू?) शेवटी मास्तर म्हणाले, रविवारी ओळी दुरुस्त करून आण, मग बघू.

तुमचा हवालदिल पुतण्या

ता. क. – ओळी तुमच्या आहेत हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. साबणाच्या जाहिरातींची यमकं जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसाकडून प्रेमकविता घेतली, माझंच चुकलं. ताबडतोब दुरुस्त करून पाठवा. जनावरं नकोत, नातेवाईक नकोत.

ता. ता. क. – पाकीट चिकटवणार तोच ती दुकानात येऊन गेली. आजींनी घरात बजावलंय, "मी त्या पोराला राहा म्हटलंय. आता माझा शब्द मोडायचा नाही." मास्तर पंचांग काढून बसले आहेत. तेव्हा ओळींना अजिबात हात लावू नका. गाढव पसंत पडलं आहे.